मुलीला नागपुरात एमबीबीएसला प्रवेश मिळाला आहे; व्हाइट कोट सेरेमनीत काय असतं?

साधारण तासा-दीड तासाचा कार्यक्रम असतो: दीपप्रज्वलन, अधिष्ठात्यांचं भाषण, मग प्राध्यापक एकेकाला पांढरा अ‍ॅप्रन चढवतात आणि अख्खी बॅच उभी राहून शपथ घेते. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते, म्हणून सांगते. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडे छान रुजली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये या शपथेसाठी चरक शपथेची (प्राचीन आयुर्वेदाचार्य चरकांच्या नावाची शपथ) शिफारस केली. कडक इस्त्रीचा अ‍ॅप्रन घालताना मुलांचे हात थरथरतात, ते बघण्यासारखं असतं. दोन अ‍ॅप्रन घ्याच, कारण पुढे डिसेक्शन हॉलमध्ये (जिथे मृतदेहाचं विच्छेदन शिकवतात) एका अ‍ॅप्रनला फॉर्मालिनचा, म्हणजे मृतदेह टिकवणाऱ्या रसायनाचा, वास लागतो. मात्र नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही कॉलेजं, प्रत्येकाची रीत वेगळी. पालकांना प्रवेश आहे का, ते कॉलेजच्या नोटिशीत बघा.