माउसपॅडवरची जेलीफिश कुणाची?

प्रश्न : मुलीने ऑनलाइन एक माउसपॅड मागवलाय, त्यावर लांबच लांब लहरी दोरे असलेल्या जेलीफिश आहेत आणि खाली बारीक अक्षरात डिस्कोमेड्युसे असं छापलंय. ऑफिसात सगळे विचारतात एआयने केलंय का. हे खरंच जुनं चित्र आहे का? आणि असंच काही कोस्टरवर छापून घेतलं तर कॉपीराइटचं लफडं होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एआय नाही हो, त्या नावावरून (डिस्कोमेड्युसे म्हणजे जेलीफिशचाच एक गट) हे अर्न्स्ट हेकेलचं काम दिसतंय. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ, येना विद्यापीठातला प्रोफेसर. १८९९ ते १९०४ या काळात त्याने दहा-दहा चित्रांचे दहा संच काढले, 'कुन्स्टफॉर्मेन डेर नाटुर' (निसर्गातले कलाप्रकार) म्हणून, त्यातलं हे आठव्या नंबरचं. स्केचेस हेकेलची पण दगडावर चढवून लिथोग्राफ केले आडोल्फ गिल्च नावाच्या माणसाने, आणि त्याचं नाव माउसपॅड विकणारे कुणीच घेत नाहीत, जे मला अजिबात पटत नाही.

मधल्या मोठ्या जेलीफिशचं नाव डेस्मोनेमा अॅनासेथे. अॅना सेथे ही हेकेलची पहिली बायको, १८६४ मध्ये नेमकी त्याच्या तिसाव्या वाढदिवशी गेली. जेलीफिशला हे नाव दिलं तेव्हा त्याचं दुसरं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, दुसऱ्या बायकोला काय वाटलं असेल देव जाणे.

आता चित्र 'खरं' आहे का म्हणाल तर प्राणी खरे आहेत, पण हेकेलला सिमेट्रीचं भयंकर वेड, त्यामुळे निसर्गात असतं त्याहून सगळं जरा जास्तच नीटनेटकं मांडलेलं आहे, आणि त्याच्या भ्रूणांच्या चित्रांवर तर त्याच्या हयातीतच फेरफार केल्याचे आरोप झाले होते. ही चित्रं शोभेला वापरणं पण आजचं नाही, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाचं मोठं प्रवेशद्वार रेने बिने या आर्किटेक्टने हेकेलच्या रेडिओलेरियांवरून घेतलं होतं, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जिवाचा सांगाडा आणि त्याखालून पब्लिक आत जातंय!

कॉपीराइटचं टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे लेखक किंवा चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, हेकेल १९१९ ला गेला. फक्त दुसऱ्या विक्रेत्याने त्यात स्वतःची अक्षरं, डिझाइन घातलं असेल तर ते उचलू नका, मूळ स्कॅन घ्या. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी किंवा विकिमीडिया कॉमन्सवर फुकट मिळतात.

प्रश्न : छापताना काय बघायचं? आणि आपल्या भागातलं काही आहे का? (तोच वाचक)

उत्तर : २२ बाय १८ सेंटीमीटरच्या पॅडला ३०० डीपीआयने (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) साधारण २६०० बाय २१०० पिक्सेल लागतात, व्हॉट्सअॅपवरून आलेली फाइल दिलीत तर दोऱ्यांचा चिखल होणार. कापडी पॅडवर सब्लिमेशनने, म्हणजे उष्णतेने शाई कापडात उतरवून, छापतात, ती शाई पॉलिस्टरलाच नीट धरते, सुती कापडाचा हट्ट धरू नका. आणि दुकानदार कडा कापायला लागला तर थांबवा, प्लेट नंबर, प्राण्यांजवळचे आकडे, खालचं नाव राहू द्या, ते गेलं की नुसती गिफ्टशॉपची नक्षी उरते.

आपल्या बाजूचं म्हणाल तर 'होर्तुस मलबारिकुस' बघा. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने करवून घेतलेला ग्रंथ, १६७८ ते १६९३ मध्ये अॅम्स्टरडॅमला १२ खंडांत निघाला, सातशेहून जास्त मलबारी वनस्पती. माहिती इट्टी अच्युदन या वैद्याने दिली, आणि सोबत रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी जाणकार होते, त्यांचं कोकणीतलं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात चक्क नागरी अक्षरांत छापलंय! चित्रांवर पण झाडांची नावं मल्याळम, अरबीसोबत नागरीतही आहेत. सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, काळं-पांढरं, त्यामुळे रंग फिके पडायची भानगड नाही आणि छोट्या कोस्टरवर हेकेलपेक्षा उठून दिसेल. मी असते तर फणसाचं पान घेतलं असतं.