‘आम्ही गॉथ नाही’ म्हणणाऱ्यांना गॉथ म्हणावं का? (उत्तर लांबलंय, सवडीने वाचा)

तुमचा धागा वाचला आणि राहवलं नाही. पुण्यात श्रवणसत्र ठेवलंत, पोस्टरवर ‘गॉथ रॉकचे चार दिग्गज’ असं लिहून खाली सिस्टर्स ऑफ मर्सी, द क्युअर, सूझी अँड द बॅनशीज आणि द कल्ट ही नावं टाकलीत. मग एका जाणकाराने सगळ्यांसमोर सुनावलं की या चौघांनीही तो शिक्का झिडकारलेला आहे, तुम्ही कोण लावणारे? आता आयोजक म्हणतायत की मथळा बदला, नाहीतर कार्यक्रम रद्द. याच भानगडीत मी काही वर्षांपूर्वी चांगलाच पोळलो, म्हणून लिहितोय. मी समीक्षक नाही, वादकही नाही. वर्षानुवर्षं ऐकणारा आणि अधूनमधून मराठीत लिहिणारा माणूस आहे, त्या बेताने घ्या. गॉथ म्हणजे १९८० च्या आसपास इंग्लंडातल्या रांगड्या पंक रॉकमधून फुटलेलं काळोख्या वळणाचं रॉक, पोस्ट-पंक म्हणजे पंकनंतरचं प्रयोगशील रॉक, यापलीकडे व्याख्यांत शिरत नाही. तुमची गाण्यांची यादी बघता त्याची गरज दिसत नाही.

आक्षेप घेणाऱ्याची माहिती बरोबर आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. स्वतःला काय म्हणवून घ्यायचं हे कलाकाराने ठरवावं, त्यात आपण पडू नये. पण त्याच्या १९८२ च्या रेकॉर्डमध्ये आज काय ऐकू येतं आणि पुढच्यांनी त्यातून काय उचललं, हे त्याच्या हातात राहत नाही. किशोरीताई घराण्याच्या भिंती मानायला तयार नव्हत्या आणि गाण्यातही त्या जयपूर-अत्रौलीच्या चौकटीबाहेर गेल्या. तरी मोगूबाईंची तालीम त्यांच्या गळ्यातून जाते का? दोन्ही गोष्टी एकाच सत्रात बोलता येतात, आणि बोलायलाच हव्यात.

घोटाळा होतो तो चौघांचा नकार एकाच मापाने मोजल्यामुळे. बॅनशीजची गायिका सूझी हिचं म्हणणं मुळात कालक्रमाचं आहे असं मी मानतो. २० सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या हंड्रेड क्लबमधल्या पंक महोत्सवात ती पहिल्यांदा मंचावर उभी राहिली, पहिला अल्बम ‘द स्क्रीम’ १९७८ चा. गॉथ मंडळींचा अड्डा ठरलेला लंडनच्या सोहोमधला बॅटकेव्ह क्लब सुरू झाला जुलै १९८२ मध्ये, एनएमई या संगीत साप्ताहिकात या नव्या मंडळींवर ‘पॉझिटिव्ह पंक’ नावाचा लेख आला फेब्रुवारी १९८३ मध्ये. तोवर बॅनशीजचा ‘जुजू’ हा अल्बम येऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. मागून आलेल्या जत्रेत आपल्याला ढकलू नका, असं तिला वाटत असेल तर ते रास्तच आहे. सत्रात ‘जुजू’ लावा, त्यातल्या जॉन मगॉकची गिटार ऐकू द्या, तारखा सांगा आणि पुढे चला.

क्युअरचा गायक रॉबर्ट स्मिथचं वेगळं. तो वैतागतो ते एकाच खोक्यात कोंबल्यामुळे. ‘सेव्हनटीन सेकंड्स’, ‘फेथ’ आणि ‘पोर्नोग्राफी’ हे लागोपाठ तीन काळेकुट्ट अल्बम १९८० ते १९८२ मध्ये झाले. शेवटच्याच्या दौऱ्यात त्याची आणि बासवादक सायमन गॅलपची हाणामारी झाली, बँड मोडायला आला, आणि पुढच्याच वर्षी ‘द लव्हकॅट्स’सारखं उड्या मारणारं गाणं इंग्लंडच्या पहिल्या दहांत गेलं. मधल्या काळात हा गडी बॅनशीजमध्ये गिटारही वाजवत होता. एवढ्या टोकाच्या गोष्टी करणाऱ्याला शिक्का टोचणारच. पण याच माणसाने नोव्हेंबर २००२ मध्ये बर्लिनला ‘पोर्नोग्राफी’, ‘डिसइंटिग्रेशन’ आणि ‘ब्लडफ्लॉवर्स’ हे तीन अल्बम एकापाठोपाठ एक अखंड वाजवले. २०२४ चा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ उघडतो त्या ‘अलोन’मध्ये गायकाचा आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. शब्द नाकारला तरी त्या काळोखाकडे तो पुन्हा पुन्हा आणि मनापासून गेलाय. म्हणून त्याच्या मुलाखतींपेक्षा मी त्याच्या रेकॉर्डवर विश्वास ठेवतो.

सिस्टर्सचा गायक अँड्र्यू एल्ड्रिचचा नकार या सगळ्यांत जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्याने तो सातत्याने केलाय आणि त्याला आधारही दिलाय. त्याच्या लेखी सिस्टर्स हा रॉक अँड रोल बँड. त्यांनी दुसऱ्यांची कुठली गाणी घेतली ते बघा: स्टूजेसचं ‘१९६९’, स्टोन्सचं ‘गिमी शेल्टर’, हॉट चॉकलेटचं ‘एमा’, कार्यक्रमांत कंट्री गायिका डॉली पार्टनचं ‘जोलीन’. १९९१ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर त्यांनी सोबत कोणाला घेतलं, तर पब्लिक एनिमी या रॅप गटाला! दौरा अर्ध्यात बंद पडला तो भाग निराळा. १९९० च्या ‘व्हिजन थिंग’मध्ये तर सरळ सरळ हार्ड रॉक गिटार आहेत. त्यानंतर स्टुडिओ अल्बमच नाही, नवी गाणी फक्त मंचावर.

पण ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ (१९८५) आणि ‘फ्लडलँड’ (१९८७) तिथेच आहेत ना. डॉक्टर अ‍ॅव्हलांश या ड्रम मशीनचा न थकणारा ठोका, त्यावर तो खोल गेलेला आवाज, ‘धिस कोरोजन’मध्ये निर्माता जिम स्टाइनमनने उभं केलेलं गायकवृंदाचं मंदिर, हे ऐकून कित्येक बँड जन्माला आले. सिस्टर्सच्या लीड्सजवळच, हॅलिफॅक्सला, पॅरडाइज लॉस्ट या मेटल बँडने १९९१ मध्ये आपल्या अल्बमचं नावच ‘गॉथिक’ ठेवलं, आणि सिस्टर्सचं ऋण ते उघड मानतात. (पुढे १९९९ च्या ‘होस्ट’मध्ये त्यांनीही वाट बदलली. तो विषय दुसऱ्या धाग्यात काढू.) एल्ड्रिचला आपण ‘गॉथ’ म्हणून हाक मारू नये. त्याच्या रेकॉर्डपासून गॉथची एक मोठी वाट फुटली असं मात्र बिनदिक्कत म्हणावं.

आता कल्ट. तुमच्या यादीत त्यांना सगळ्यात कमी वेळ दिलाय, आणि माझ्या मते सत्राचा गाभा तिथेच आहे. इतरांच्या बाबतीत आपण मुलाखतींचा कीस पाडत बसतो. इथे गॉथपासून लांब जाणं टेपवर ऐकू येतं. गायक इयन अ‍ॅस्टबरीने १९८१ मध्ये ब्रॅडफर्डला सदर्न डेथ कल्ट काढला. १९८३ मध्ये तो मोडला आणि गिटारवादक बिली डफीला घेऊन डेथ कल्ट झाला. जानेवारी १९८४ मध्ये ‘डेथ’ हा शब्दही गळाला, उरला नुसता कल्ट. ‘लव्ह’ आला १९८५ मध्ये. त्यानंतरचा अल्बम त्यांनी निर्माता स्टीव्ह ब्राउनसोबत ऑक्सफर्डशरच्या मॅनर स्टुडिओत पूर्ण रेकॉर्ड केला, नाव ‘पीस’. तो मनाला येईना म्हणून न्यूयॉर्कला निर्माता रिक रुबिनकडे गेले. काही गाण्यांचं मिक्सिंग बदलून घ्यायचं एवढाच बेत होता, पण रुबिनने सगळंच नव्याने वाजवायला लावलं. गिटारवरचे प्रतिध्वनीचे थर उतरले, गाणी आखूड झाली, आणि १९८७ मध्ये ‘इलेक्ट्रिक’ निघाला, हार्ड रॉकवाल्या एसी/डीसीच्या पंगतीत बसेल असा. टाकून दिलेला ‘पीस’ २००० मध्ये ‘रेअर कल्ट’ या संचात पूर्ण बाहेर आला, आणि २०१३ मध्ये दोन्ही अल्बम ‘इलेक्ट्रिक पीस’ नावाने एकत्र मिळू लागले.

माझं ऐकाल तर ‘लव्ह रिमूव्हल मशीन’ या गाण्याची ‘पीस’ आणि ‘इलेक्ट्रिक’मधली दोन्ही रूपं पाठोपाठ लावा. काही बोलू नका. मुळापासून दूर जाणं म्हणजे नेमकं काय, ते सभागृहातल्या प्रत्येकाला पाच-सात मिनिटांत कळेल. आणि मग सांगा की नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅस्टबरी आणि डफी डेथ कल्ट हेच टाकलेलं नाव घेऊन इंग्लंडमध्ये मंचावर आले आणि त्या सुरुवातीच्या वर्षांची गाणी वाजवली.

सदर्न डेथ कल्टचा ड्रमरही विसरू नका. आकी नवाज, ब्रॅडफर्डच्या पाकिस्तानी कुटुंबातला. पुढे त्याने नेशन रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी उभी केली, १९९१ मध्ये फन-दा-मेंटल हा गट काढला आणि वंशद्वेषाविरुद्ध रॅप केलं. गॉथपासून इतकं दूर आणि इतक्या ठाम कारणाने गेलेला माणूस मला दुसरा माहीत नाही. तो काळ्या कपड्यांना कंटाळून गेला नाही, त्याला स्वतःचं काही सांगायचं होतं. आपल्या श्रोत्यांना तो लगेच जवळचा वाटेल. मराठीत त्याच्यावर फारसं कोणी लिहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता माझं काय झालं ते. एका नियतकालिकासाठी मी या विषयावर मोठा लेख करत होतो. उत्तर इंग्लंडातल्या एका वादकाने ईमेलवर बोलायला होकार दिला होता. नाव सांगत नाही, पण तुमच्या यादीत जे ऐकलंय त्याच गोतावळ्यातला. त्याची अट एकच: मथळ्यात आणि फोटोखालच्या ओळीत ‘गॉथ’ हा शब्द नको, आत चर्चा हवी तेवढी करा. मी ती अट संपादकीय विभागाला लेखी कळवली, मान्य असल्याचं लेखी उत्तरही घेतलं. प्रश्नांचा पहिला हप्ता झाला, उत्तरं सुंदर आली. लेखाचा पहिला भाग लागला तो ‘गॉथचा बेताज बादशहा’ या मथळ्याखाली.

त्या दिवसापासून मी त्या कार्यालयाचा पिच्छा पुरवला. छपाई झाली ती झाली, निदान वेबसाइटवरचा मथळा तरी बदला, एवढीच मागणी. संपादक म्हणाले, मथळे डेस्क ठरवतं. डेस्क म्हणालं, वेबसाइट दुसरा विभाग बघतो. त्या विभागाने सांगितलं की संपादकांचा मेल आल्याशिवाय हात लावता येत नाही. संपादक सुट्टीवर गेले. ते परत आले तेव्हा मला ऐकवलं गेलं की एवढ्याशा शब्दाने कोणाचं काय बिघडतं, वाचकांना कळायला नको का! तोवर व्हायचं ते झालं होतं. वादकाच्या व्यवस्थापकाने पान यंत्राकडून भाषांतर करून वाचलं, दोन ओळींचा थंड मेल आला आणि संवाद संपला.

मला राग त्या शब्दाचा नाही. दुसऱ्या हप्त्यात तो त्याच्या पहिल्या रेकॉर्डच्या कामाची हकीकत सांगणार होता: गिटारचे कुठले थर कधी चढले, ड्रम मशीनचे ठोके कोणी आणि कसे बसवले, खर्चाचं गणित काय होतं. हे कुठेच नोंदलेलं नाही. मराठीत पहिल्यांदा आलं असतं. एका मथळ्यापायी ते कायमचं गेलं, आणि त्या कार्यालयात आजही कोणाला त्याची खंत नाही. माझा सल्ला थोडा कडक वाटला तर त्याचं मूळ इथे आहे.

तर सल्ला असा. पोस्टरवरच्या मथळ्यातून शब्द काढा, सत्रातून काढू नका. ‘गॉथ आणि त्याला नाकारणारे’ चालेल, ‘गॉथचे दिग्गज’ नको. पोस्टरच्या मजकुराचा अंतिम शब्द तुमचा राहील हे आयोजकांकडून लेखी घ्या. आणि तो बाहेर पडण्याआधी छापील प्रत, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाणारं चित्र, तिन्ही स्वतः डोळ्यांखालून घाला. नुसत्या लेखी होकारावर विसंबू नका, माझ्याकडे तोही होता. कोणाही कलाकाराच्या तोंडी शिक्का घालू नका आणि नेटवर फिरणारी त्यांची वाक्यं तपासल्याशिवाय वाचून दाखवू नका. आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांना मात्र सत्राला आवर्जून बोलवा, शक्य असल्यास एल्ड्रिचवर बोलायला दहा मिनिटं द्या. अशी माणसं मन लावून ऐकणारी असतात.

गॉथच्या अगदी सुरुवातीचा बँड बाऊहाउस यादीत का नाही, हे तुम्हाला कोणीतरी विचारणारच. त्यांचं ‘बेला लुगोसीज डेड’ (१९७९) साडेनऊ मिनिटांचं आहे हे खरं, पण वेळ काढा. त्यात जमैकाच्या रेगे-डब संगीताचा केवढा हात आहे ते ऐकवल्याशिवाय या संगीताचं मूळ अर्धंच राहतं. तेही शिक्क्यावर कुरकुरत आले, आणि त्यांचाच गायक पीटर मर्फी २००५ मध्ये कोचेला महोत्सवात वटवाघळासारखा उलटा लटकून हे गाणं गायला.

दोन किरकोळ गोष्टी. गाणी फोनला ब्लूटूथ स्पीकर जोडून वाजवू नका, सिस्टर्सचा बास त्यात मरतो. सभागृहाच्या स्पीकरवर आदल्या दिवशी त्यांचं ‘लुक्रेशिया’ लावून बघा, खिडक्या थरथरल्या तर समजा जमलं. जाहीर वाजवण्याच्या परवान्याचं आयोजकांना आत्ताच विचारून ठेवा, ते माझ्या माहितीतलं क्षेत्र नाही.

पोस्टर अजून छपाईला गेलं नसेल तर नवा मजकूर याच धाग्यात टाका. आज रात्री बघून सांगतो.