कर्नलची देखभाल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव): वर्कशॉपमधल्या सीएनसी लेथला आम्ही लिनक्स कॉम्प्युटरवरून यूएसबी-सीरियल केबलने प्रोग्राम पाठवतो. कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यापासून मधल्या ओळी गळतात. केबल बदलली, तरी तेच. दोष कुठे आहे हे कसं शोधायचं?

उत्तर: आधी काम सुरू करा, दोष नंतर शोधू. कॉम्प्युटर चालू होताना ग्रबच्या (कर्नल निवडायच्या मेनूच्या) ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा आणि तीच केबल, तोच बॉड रेट (पाठवण्याचा वेग), तोच लांब प्रोग्राम घेऊन पाहा. चाचणीच्या वेळी लेथवर जॉब (कातायचा तुकडा) लावू नका. प्रोग्राम फक्त मशीनच्या मेमरीत घ्या, परत कॉम्प्युटरवर मागवा आणि ‘डिफ’ने मूळ फाइलशी ताडा. जुन्यावर नीट आणि नव्यावर गळती, असं पुन्हापुन्हा दिसलं तरच कर्नलवर बोट ठेवता येतं.

वितरकाच्या (उबंटू, फेडोरासारख्यांच्या) कर्नलमध्ये त्यांचे स्वतःचे बदलही असतात. म्हणून त्याच दोन आवृत्त्यांचे मूळ कर्नल (वितरकाच्या बदलांविना) सोर्स कोडमधून बांधून फरक तिथेही दिसतो का ते पाहा. सोबत सगळ्यात नवा मूळ कर्नलही तपासा. त्यात दोष नसेल तर दुरुस्ती आधीच झालेली आहे, ती तुमच्यापर्यंत यायची आहे एवढंच.

दोष अजून असेल तर ‘गिट बायसेक्ट’ लावा (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन). लागोपाठच्या दोन आवृत्त्यांमध्ये साधारण १४-१५ हजार बदल असतात. दर वेळी मधला बदल तपासून ‘गुड’ (नीट) की ‘बॅड’ (बिघडलेला) ते सांगायचं आणि उरलेले निम्मे बाद करायचे, म्हणजे सुमारे १४ फेऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग (काय बांधायचं त्याची यादी) घ्या, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा आणि बांधणीचा वेळ वाचवायला ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. इथे एक खोच आहे. हा आदेश त्या क्षणी लोड झालेलीच मॉड्यूल्स (कर्नलला गरजेनुसार जोडले जाणारे भाग) ठेवतो, बाकीची काढून टाकतो. केबल न जोडता चालवलात तर तिचा ड्रायव्हरच बांधला जाणार नाही, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या ‘बॅड’ येतील.

तुमची गळती अधूनमधून होते, हे सगळ्यात अवघड. एकदा नीट गेलं म्हणून ‘गुड’ म्हणू नका, दहा वेळा पाठवा. एका फेरीत चुकीचं उत्तर दिलं की पुढची सगळी वाट चुकते. प्रत्येक बूटनंतर ‘यूनेम -आर’ पाहून नवा बांधलेला कर्नलच चालू आहे ना, ते तपासा. जो बांधलाच जात नाही त्याला ‘बायसेक्ट स्किप’ म्हणा, अंदाजाने ‘बॅड’ नको. दोषी बदल सापडला की ‘गिट रिव्हर्ट’ने तेवढाच मागे घेऊन पाहा. गळती थांबली तर ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्टने जबाबदार माणसं शोधून त्यांना कळवा: शेवटची चांगली आवृत्ती, पहिली बिघडलेली, दोषी कमिट (गिटमधला तो बदल) आणि ‘डीमेसेज’चा (कर्नलच्या नोंदींचा) पूर्ण मजकूर. चालत असलेली गोष्ट नव्या कर्नलने मोडायची नाही, हा लिनक्स कर्नल बनवणाऱ्यांचा कडक नियम आहे. त्यामुळे अशी नेमकी तक्रार गांभीर्याने घेतली जाते.

प्रश्न (निपाणी): स्वतः बांधलेला कर्नल बसवताना बूट विभाजन भरलं आणि काम अर्ध्यात थांबलं. आता काय काढू?

उत्तर: आधी ‘यूनेम -आर’ पाहा. चालू असलेला आणि त्याआधीचा एक नीट चालणारा, या दोघांना हात लावू नका. वितरकाचे कर्नल पॅकेज मॅनेजरनेच काढा. फाइली हाताने पुसल्या तर पॅकेज मॅनेजरला त्या आहेतच असं वाटत राहतं. तुमच्या बाबतीत जागा बहुधा इनिटरॅमएफएसने (बूट होताना आधी लोड होणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याने) खाल्ली असेल, कारण डीबग माहितीसकट मॉड्यूल्स त्यात गेली की ती काही पटींनी फुगते. ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ला ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ जोडा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा.

प्रश्न (खानापूर, विद्यार्थिनी): मला कर्नलसाठी पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा आहे. पण पावसात इथे रेंजही जाते आणि लाइटही. गिट क्लोन (कर्नलच्या कोडची पूर्ण प्रत उतरवणं) तीनदा अर्ध्यात तुटलं.

उत्तर: तुटलेलं क्लोन पुढे चालू करता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी कर्नल डॉट ऑर्गवरची गिट बंडल (सगळा इतिहास एकाच फाइलमध्ये) ‘डब्ल्यूगेट -सी’ने उतरवा. ती जिथे थांबली तिथून पुढे येते. मग त्या फाइलवरून क्लोन करा आणि फक्त नवे बदल ओढा. बांधणी चालू असताना लाइट गेली तर ‘मेक’ पुन्हा चालवलं की उरलेलंच काम होतं. पण शेवटची ऑब्जेक्ट फाइल रिकामी राहून लिंक करताना चूक दाखवू शकते. ती फाइल पुसा आणि पुन्हा ‘मेक’ करा.

एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा. काय केलं हे कोडमध्ये दिसतंच, का केलं ते संदेशात लिहा. जुन्या बदलातली चूक सुधारत असाल तर ‘फिक्सेस’ ओळीत त्या कमिटचे पहिले १२ अंक-अक्षरं आणि शीर्षक द्या. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ती ओळ म्हणजे हा बदल देण्याचा मला हक्क आहे, अशी हमी. ‘चेकपॅच’ (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा. पॅच ‘गिट सेंड-ईमेल’नेच पाठवा. जीमेलच्या खिडकीत चिकटवलात तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागतच नाही. वाक्यरचना किंवा इंग्रजीची भीती धरू नका, तिथे कोड आणि कारण पाहतात. उत्तरासाठी निदान दोन आठवडे थांबा. नवी आवृत्ती निघाल्यावरचे दोन आठवडे मेंटेनर (त्या भागाची जबाबदारी सांभाळणारे) मर्ज विंडोत, म्हणजे नवे बदल सामावून घेण्यात, गुंतलेले असतात, तेव्हा आणखी उशीर होतो. सुधारून पाठवताना शीर्षकात ‘व्ही२’ लिहा आणि काय बदललं ते तीन डॅशांच्या ओळीखाली.