शिबिर घ्या, पण वहीसकट

प्रश्न : आमच्या गणेश मंडळाकडे वर्गणीतले थोडे पैसे उरले आहेत. नागपूरचे काही डॉक्टर एका रविवारी गावात येऊन मोफत तपासणी करायला आणि औषधं द्यायला तयार आहेत. जाणती माणसं म्हणतात, एका दिवसानं काय होणार? शिबिर घ्यावं का?
– एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : जरूर घ्या. मी आरोग्यसेविका म्हणून याच भागातल्या उपकेंद्रांत नोकरी केली. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा बीपी मोजून घेणाऱ्या बाया मला शिबिरातच भेटल्या. पण औषधांच्या आधी एक वही आणि ती सांभाळणारं माणूस ठरवा.

बीपीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळतात. त्या सरल्या की बाई म्हणते, "आता बरं वाटते, काऊन घेऊ?" डोकं दुखत नाही म्हणून बीपी उतरला असं नसतं, आणि हे तिला सांगायला नागपूरचे डॉक्टर तेव्हा गावात नसतात. म्हणून ज्याचा बीपी किंवा साखर जास्त निघेल त्याचं नाव वहीत लिहा. त्याच आठवड्यात आशाताईंना सोबत घेऊन त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. पुढच्या गोळ्या तिथून मिळतील. आशाताईंना शिबिराच्या दिवशी नुसतं हार-तुऱ्यांपुरतं बोलावू नका, तारीख ठरवतानाच बसवा.

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्याची तपासणी ठेवणार असाल तर फार जपून. बोटातून रक्त घेऊन होणारी साधी चाचणी फक्त शंका दाखवते. माणूस नुसता वाहक आहे (म्हणजे स्वतः आजारी नाही, पण मुलांकडे आजार जाऊ शकतो) की रुग्ण, हे पुढच्या पक्क्या तपासणीतच कळतं. मांडवात माईकवरून नाव पुकारून निकाल सांगू नका. अशानं लग्नाच्या पोरीला गावभर नावं ठेवली जातात. निकाल आडोशाला, घरच्यांना बसवून सांगा. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हेही समजावून सांगा.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शाळेत किंवा समाजमंदिरात होऊ देऊ नका. गावात फक्त तपासणी करा, पेशंटला रुग्णालयात न्या. मंडळाचा खरा पैसा इथे लावा : जाण्यायेण्याची गाडी, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि पुन्हा डोळे दाखवायला न्यायची दुसरी फेरी. या दुसऱ्या फेरीला पैसे नसतात, म्हणून माणसं जात नाहीत.

आपल्याच विदर्भात पाहा ना. डॉक्टर प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 साली आदिवासींवर उपचार करायला गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला गेले ते तिथेच राहिले. गडचिरोलीतच डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 39 गावांतल्या बायांना घरीच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. डॉक्टर गावात नसतानाही ती शिकवलेली बाई गावातच होती. तुमच्या गावातही बारावी झालेली, वही नीट लिहिणारी एखादी पोरगी असेलच. तिला मानधन द्या.

तारीख सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापसाच्या वेचणीत धरू नका. त्या दिवसांत ज्याला खरी गरज आहे तो वावरात असतो. आणि डॉक्टरांना होकार कळवण्याआधी विचारा : तीन महिन्यांनी याच पेशंटांना पाहायला पुन्हा याल का? ते हो म्हणाले तर दोन्ही तारखा एकाच पत्रकावर छापा.