डोहाळजेवण करावं की नको?

सातवा महिना जवळ आला की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुली एक प्रश्न हमखास विचारतात. कुणी म्हणते, "एवढ्यात फोटो टाकू का?" कुणी म्हणते, "दृष्ट लागते असं आई म्हणते, खरं असतं का?" आणि कुणी सरळच, "हॉल बुक केला आणि काही झालं तर?" हल्ली हा प्रश्न वाढलाय, कारण डोहाळजेवणच बदललंय. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या वाड्यांत झोपाळा सजायचा, खंडेराव मार्केटमधून फुलं आणून वाडी भरायची, ओळखीच्या बायका गाणी म्हणायच्या. आता पार्टी प्लॉट (समारंभासाठी भाड्याने मिळणारं मोकळं मैदान), ड्रोन, छातीवर 'मॉम टू बी'चा पट्टा आणि दोनशे माणसं.

मृणाल (नाव बदललं आहे) आली ती झोप लागत नाही म्हणून. पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलेलं. या वेळी सगळं सुरळीत होतं आणि नवऱ्याने हौसेने समा-सावली रोडवर प्लॉट ठरवून टाकला होता. ती नको म्हणाली की घरात एकच वाक्य, "अशुभ बोलू नकोस."

"तुला भीती कशाची वाटते?"

"दृष्टीची."

"मागच्या वेळी डोहाळजेवण झालं होतं?"

"नाही. तेवढे दिवसच भरले नव्हते." मग जरा थांबून, "म्हणजे न करताही झालंच ना."

तर्काने इथे काम संपायला हवं होतं. पुढच्या वेळी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, पटतं सगळं. पण झोप लागत नाही ती नाहीच." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. मी त्याच वाटेने काम करते, आणि त्या वाटेने मला हे शिकवलं की भीतीशी नुसता वाद घालून भागत नाही, तिच्या खाली कोणता हट्ट दडलाय ते शोधावं लागतं.

मी विचारलं, "बाळ गेलं ते दुःख आहेच. ते सोडून मागच्या वेळी सगळ्यात अवघड काय गेलं?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"फोन. आम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मग कितीतरी दिवस कुणाचा ना कुणाचा फोन, 'काय, कितवा लागला?' एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकींनी विचारलं, तारीख कधीची? मी म्हटलं, मार्चमधली."

"तेव्हा..."

"तेव्हा बाळ नव्हतंच. मला सांगताच येईना. घरी आले आणि दार लावून घेतलं."

या एका वाक्याने मला मृणाल कळली. इतके दिवस आम्ही सगळे दृष्टीबद्दल बोलत होतो आणि तिला धास्ती होती ती पुन्हा सांगावं लागण्याची. दोनशे पाहुणे म्हणजे तिच्या हिशेबात दोनशे फोन. अशी मुलगी समारंभाला नको म्हणते तेव्हा ती अंधश्रद्ध नसते. मागचा घाव तिने एकटीने सोसलेला असतो, आणि पुन्हा तशीच एकटी पडायची तिची तयारी नसते. हे ओळखता आलं याचं मला समाधान आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं.

"समज, काही झालंच. स्वतःच्या तोंडाने तू कुणाला सांगू शकशील?"

तिने बोटं मोजली. आई. बहीण. मग, माझ्याइतकंच तिलाही आश्चर्य वाटलं असावं, सासूबाई. बँकेतल्या दोन मैत्रिणी. शेजारच्या कोकिळाबेन.

"ही तुझी आमंत्रणाची यादी," मी म्हटलं. त्या खोलीत ती पहिल्यांदा हसली.

सासूबाईंना बोलावलं तेव्हा त्या नाराजच होत्या. "अहो मॅडम, आम्ही सगळ्यांकडे जेवून आलोय. लोक काय म्हणतील?" यादीत त्यांचं नाव तिसरं आहे हे सांगितल्यावर गप्प झाल्या. "तिने माझं नाव घेतलं?" एवढंच विचारलं. प्लॉट त्यांनीच रद्द करायला लावला.

मृणालच्या मनात इतके दिवस 'काही वाईट होताच कामा नये' हा हट्ट होता. त्याच्या जागी दुसरं वाक्य बसवायला वेळ लागला. 'काही होऊ नये असं मला जिवापाड वाटतं. हमी कुणीच देऊ शकत नाही. तरी आज मला आनंद करता येतो.' ते रुजलं तशी झोप यायला लागली.

माझं मत विचाराल तर डोहाळजेवण जरूर करावं. आपल्या रीतीत फार शहाणपण आहे. तिसऱ्या महिन्यात चोरओटी, तीही घरातल्या घरात, आणि सातव्यात उघड सोहळा. बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांत होतात, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गर्भांच्या गुणसूत्रांतच दोष असतो. कुणी पाहिलं, कुणी फोटो टाकला याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि सातव्या महिन्यातल्या त्या दिवशी मधोमध बसते ती आई. तिला काय खावंसं वाटतं, ते ताटात येतं. ओटी तिची, फुलं तिची. पाळणा, नाव, बाळाचं कौतुक हे सगळं जन्मानंतर, बारशाला. आमच्या गुजराती शेजारणी सातव्यात खोळो, म्हणजे ओटी, भरतात तेव्हाही पाटावर तीच बसते. पार्टी प्लॉटमध्ये मात्र फुग्यांवर बाळ, केकवर बाळ, आणि आई सहा तास उभी.

मृणालच्या दिराने टेक्सासहून निळ्या-गुलाबी केकची, म्हणजे केक कापून मुलगा की मुलगी ते जाहीर करण्याची, कल्पना पाठवली होती. अमेरिकेत ही टूम २००८च्या सुमाराला निघाली. आपल्याकडे गर्भलिंग तपासून सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि असा अहवाल मागणाऱ्यालाही शिक्षा आहे. तेव्हा तो विषय घरात निघताक्षणीच मिटवा. पेढा-बर्फीचा खेळही मला नको वाटतो. एका घरी पेढा निघाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या बाईची थोरली मुलगी तिथेच बसली होती. सगळ्यांची तोंडं बघून तिने हातातली बर्फी परत वाटीत ठेवली. खेळायचाच असेल तर दोन्ही वाट्यांत एकच मिठाई ठेवा.

मृणालचं डोहाळजेवण तिच्या घरी, झोपाळ्यावर, यादीतल्या माणसांत झालं. तिला हवी होती म्हणून पानात डाळढोकळी होती. पुढे काय झालं हे मी मुद्दाम लिहीत नाही. बाळ सुखरूप आलं तरच तो निर्णय बरोबर ठरतो असं मी मानत नाही. काहीही झालं असतं तरी तो बरोबरच होता, कारण तिच्याभोवती तेव्हा नेमकी तीच माणसं असती.

सासवांना आणि आयांना एक सांगणं. सून किंवा लेक नको म्हणाली तर 'अशुभ बोलू नकोस' म्हणून तिचं तोंड बंद करू नका. विचारा, "कुणाला बोलवलं तर तुला बरं वाटेल?" आधी बाळ गमावलेलं असेल तर हे तारीख ठरवण्याआधी विचारा, मांडववाल्याला आगाऊ रक्कम दिल्यावर नव्हे. आणि रात्र-रात्र झोप नाही, छातीत धडधड, अन्न गोड लागत नाही, असं दोन आठवडे चाललं तर तिच्या डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाकडे पाठवा. बाळाची हालचाल कमी जाणवली तर मात्र ती मनाची भीती समजून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.