मोहल्ला कमिटीत नवीन आलायस ना, मग हे ऐक

अरे, पहिल्याच मीटिंगला सीसीटीव्हीचा अर्ज घेऊन जाऊ नकोस. आधी आठवडाभर संध्याकाळी एरियात पायी फिर, कुठला दिवा बंद आहे, मुली कुठली गल्ली टाळतात, पोरं कुठल्या कट्ट्यावर बसतात ते बघ, आणि बंद दिव्याच्या खांबाचा नंबर लिहून घे, कारण वॉर्ड ऑफिसात नुसतं "आमच्याकडे अंधार आहे" म्हटलं की कोणी हलत नाही.

भिवंडी डोक्यात ठेव. 1970 आणि 1984 ला तिथे भयानक हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या, मग 1988 च्या सुमारास डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, दोन्ही समाजातली साधी माणसं आणि पोलीस एकत्र बसायला लागले, आणि 1992-93 ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. ओळख आधीपासून होती रे, म्हणून.

पोरांसाठी काही मागायचं तर पोरांनाच विचार. मोठी माणसं व्यायामशाळा म्हणतात, मुलींना अभ्यासिका हवी असते आणि तिथून घरी यायला उजेड. शाळेचं मैदान संध्याकाळी मिळालं तर चावी कोणाकडे, लाइटबिल कोण भरणार हे आधीच लेखी घे. आमचं मैदान चावीच्या भांडणात सहा महिन्यांत बंद पडलं, अजून वाईट वाटतं.

आणि कट्ट्यावरच्या पोरांची नावं पोलिसांना पुरवणारा माणूस कधीच होऊ नकोस. त्यांनाच मीटिंगला बोलव, बीट हवालदाराशी समोरासमोर बसव.