पीएम (पोस्टमॉर्टेम) रूमला किती टनाचा एसी, हे नंतर बघा, हवा कुठून काढणार ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय की ग्रामीण रुग्णालयाच्या जुन्या पीएम रूमचं नूतनीकरण निघालंय, खोली २० बाय १५ फूट, तर दीड टनाचे दोन स्प्लिट एसी पुरतील का. हिशोब सांगतो, पण हेच दोन स्प्लिट आमच्या भागात एका ठिकाणी बसवलेले मी बघितलेत आणि त्यावरून एका सल्लागार साहेबांशी माझं चांगलंच वाजलंय, म्हणून ते आधी.

मी मिरजेत रेफ्रिजरेशन-एसीची कामं करतो. त्या रुग्णालयात मला शवागाराच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर बघायला बोलावलं होतं. निघताना डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जरा पीएम रूम पण बघा, तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. आत नवी कोरी फॉल्स सीलिंग, चकचकीत टाईल्स, दोन्ही स्प्लिट फुल सुरू, आणि छताजवळ एक एक्झॉस्ट फॅन, तो बंद. का, तर गारवा जातो म्हणून. मी उदबत्ती मागवली आणि टेबलाच्या कडेला धरली. धूर स्प्लिटच्या झोतात सापडून खोलीभर फिरला आणि दाराच्या फटीतून थेट व्हरांड्यात, जिथं नातेवाईक कागदपत्रं व्हायची वाट बघत बसलेले. फॅन लावून बघितला तर टेबलावरचा धूर मॅडमच्या नाकासमोरून वर निघाला. कवटी कापायची करवत ज्याच्या हातात असते तो मदतनीस शेजारीच उभा होता, साधा कापडी मास्क लावून.

स्प्लिट बाहेरची हवा घेतच नाही हो, आतलीच गार करून फिरवतो. म्हणजे फॉर्मालिनची (अवयवांचे नमुने टिकवायच्या रसायनाची) वाफ तीच, आणि करवतीनं उडालेले बारीक तुषार पण तेच, त्यात टीबीचे जंतू असू शकतात आणि ते हवेत तासन् तास तरंगतात. मीटिंगमध्ये हे मांडलं तर साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाला ताजी हवा कशाला?" माझं डोकंच फिरलं. अहो, तिथं दिवसभर उभी असतात ती जिवंत माणसं!

मॅडमनी लावून धरलं म्हणून शेवटी काम झालं. जमिनीलगत ग्रिल, डक्ट, गच्चीवर ब्लोअर, आणि एक्झॉस्ट सुरू नसेल तर एसी चालूच होणार नाही असं वायरिंग. आता दाराशी धूर आत ओढला जातो. साहेब अजून म्हणतात खर्च वाया गेला. जाऊ दे, त्यांना म्हणावं एक आख्खा दिवस त्या टेबलाशी उभं राहून दाखवा.

तुमचा हिशोब असा. तासाला किमान १२ वेळा हवा बदलायची, सगळी बाहेर टाकायची, परत फिरवायची नाही. १० फूट उंची धरली तर ३,००० घनफूट, म्हणजे ६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) एक्झॉस्ट. आत ५०० च्या आसपास फिल्टर केलेली ताजी हवा सोडा, बाकीची दाराखालून येऊ दे, म्हणजे खोली निगेटिव्ह राहते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, आतली हवा दारातून बाहेर जात नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमट हवेचाच लोड मग अडीच-तीन टन होतो, खोलीचा वेगळा. म्हणजे नुसत्या स्प्लिटवर भागत नाही, ताज्या हवेचं युनिट लागतं.

फ्लोअर ट्रॅपमध्ये (जमिनीतल्या जाळीखाली गटाराची हवा अडवायला पाणी साठतं तो भाग) पाणी राहील असं बघा, कोरडा पडला की हाच एक्झॉस्ट गटाराची हवा आत ओढतो. टेबलाचं पाणी निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडायचं नाही, २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात ते आहे. कोल्ड रूम ४ अंशांच्या आसपास आणि जनरेटरवर. लाईटपण जनरेटरवर घ्या, नोव्हेंबर २०२१ पासून सोय असेल तिथं सूर्यास्तानंतरही पीएम करायला परवानगी आहे. आणि नदीकाठचं गाव असेल तर कंडेन्सर, पॅनेल सगळं गच्चीवर, २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

एक सांगायचं राहिलं, मी डिझाईनवाला नाही, हे आकडे अंदाज यायला दिलेत. करवतीचं काम जास्त असेल किंवा ब्लोअरच्या तोंडाजवळ कुणाची खिडकी असेल तर हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण आणि जंतू अडवणारा) बघावं लागेल. हॉस्पिटलची कामं केलेल्या माणसाकडूनच ड्रॉईंग करून घ्या, आणि त्यावर एक्झॉस्टचा सीएफएम लिहिलेला नसेल तर सही करू नका.